उपाशी जीवाणू आणि नरवाडे मॅडम

नरवाडे मॅडमनी आयुष्यात कुणाला शिवी दिली नसेल. त्यांना गरजच नव्हती. त्या समोरच्याला एवढंच विचारायच्या, "हे तुम्हाला कसं कळलं?" आणि समोरचा माणूस जागच्या जागी वीतभर लहान व्हायचा.

नांदेडच्या ज्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली संशोधन केलं, तिथं हा प्रश्न कुणालाच चुकला नाही. आम्ही विद्यार्थी तर रोजचेच. पण भाषणाला आलेले मोठे पाहुणे, मूल्यांकन समितीचे सदस्य, विभागप्रमुख, सगळ्यांना तोच प्रश्न आणि तोच सपाट आवाज. एकदा रसायनं विकणारा एक एजंट आला. टाय बांधलेला. म्हणाला, आमचा माल नव्व्याण्णव टक्के शुद्ध आहे मॅडम.

"कसं कळलं?"

"बाटलीवर लिहिलेलं असतं ना."

"बाटलीवर कोण लिहितं?"

"कंपनी."

"मग तुम्ही कशाला आलात? कंपनीला पाठवा."

तो पुन्हा आमच्या जिन्यावर दिसला नाही.

मॅडम दिसायला अगदी साध्या. सुती साडी, मनगटावर मोठ्या डायलचं पुरुषी घड्याळ, पायात आवाज न करणाऱ्या रबरी चपला. त्या चपलांची आम्हाला धास्ती होती, कारण मॅडम कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. दुपारी डबा घेऊन त्या लॅबच्या बाहेर, व्हरांड्यातल्या बाकावर बसायच्या. लॅबमध्ये खायचं नाही हा नियम त्यांचाच. नांदेडच्या मे महिन्यातही, पंख्याखालची खुर्ची आत मोकळी असताना, त्या बाहेर घामात बसून ज्वारीची भाकरी आणि ठेचा खात. आतल्या केबिनमध्ये आमचे विभागप्रमुख टेकाळे सर एसी लावून, टेबलावर शोधप्रबंध बाजूला सारून, समोसे खात असत.

त्यांचं चरित्र मला माहीत नाही. त्या मूळच्या हदगाव तालुक्यातल्या, वडील शाळेत शिपाई, घर बौद्ध, भाऊ शेती करतो, एवढंच. लग्न का केलं नाही हे विचारायची हिंमत कुणात नव्हती, त्यामुळे त्यावर चर्चा मात्र भरपूर होती. स्टाफरूममध्ये आणखी एक गोष्ट बोलली जायची, आवाज खाली आणून आणि त्या बाहेर गेल्यावर. "राखीव जागेतून आलेल्या आहेत हो." बोलणाऱ्यांमध्ये असे दोघं होते ज्यांनी नोकरी लागल्यापासून एकही प्रयोग केला नव्हता. एकजण संस्थाचालकांचा साडू होता. तो कोणत्या जागेतून आला हे कुणी विचारत नसे.

मॅडमचा विषय सांगायला सोपा होता, म्हणून सगळ्यांना तो समजल्यासारखा वाटायचा. पेशीत प्रथिनं तयार होतात. त्यासाठी लागणारी अमिनो आम्लं टीआरएनए नावाचे छोटे रेणू उचलून आणतात. कोणत्या टीआरएनएवर कोणतं अमिनो आम्ल बसवायचं ते काम एकेका एन्झाइमचं. हे एन्झाइम किती तयार करायचं, कधी थांबायचं, हे पेशीला कसं कळतं, हा मॅडमचा प्रश्न. बघा, तिथंही 'कसं कळतं' होतंच.

टेकाळे सर हा भाग शिकवताना धान्याच्या मोंढ्यातल्या हमालाचं उदाहरण द्यायचे. टीआरएनए म्हणजे हमाल, अमिनो आम्ल म्हणजे पोतं. पोरं खूश. एका सेमिनारमध्ये त्यांनी हेच उदाहरण मॅडमच्या समोर दिलं.

मॅडम म्हणाल्या, "सर, हमाल पोत्यावरचं नाव वाचतो. टीआरएनएला आपल्या पाठीवर काय ठेवलंय ते कळत नाही. एन्झाइमनं चुकीचं ठेवलं तर तो चुकीचं घेऊन जातो. तेव्हा तुमचा हमाल टीआरएनएपेक्षा हुशार आहे."

मग जरा थांबून, "आणि बऱ्याच जणांपेक्षा."

सर हसले. त्यांना वाटलं विनोद झाला.

मॅडमचं नाव झालं होतं ते एका शोधनिबंधामुळे. आपल्या भावाच्या रानातल्या काळ्या मातीतून त्यांनी एक जीवाणू वेगळा केला होता. थ्रिओनिन नावाच्या अमिनो आम्लावर त्यांचं काम होतं. नेहमीच्या जीवाणूंत होतं ते असं: थ्रिओनिन संपलं की रिकामे टीआरएनए वाढतात. त्यातलाच एखादा जाऊन एन्झाइम बनवण्याच्या संदेशाच्या सुरुवातीला चिकटतो. तो चिकटला की मधेच तुटणारा संदेश पूर्ण लिहिला जातो आणि एन्झाइम वाढतं. भरलेल्या टीआरएनएला तसं चिकटता येत नाही, म्हणून पोट भरलेलं असताना एन्झाइमची उधळपट्टी होत नाही. मॅडमच्या निबंधात म्हटलं होतं की हदगावच्या मातीतला हा जीवाणू तापमान वाढवल्यावर वेगळा वागतो. उपाशी ठेवलं तरी एन्झाइम वाढवत नाही. म्हणजे त्याच्याकडे उन्हाळ्यासाठी एक दुसरं, कुणाला माहीत नसलेलं नियंत्रण असावं.

बाहेरच्या देशातल्या एका चांगल्या नियतकालिकात तो निबंध छापून आला. टेकाळे सरांनी त्याचं पहिलं पान फ्रेम करून व्हरांड्यात लावलं. लेखकांत त्यांचंही नाव होतं. विभागप्रमुखाचं नाव टाकायची पद्धत होती म्हणून. त्यांनी तो निबंध वाचला होता असा माझ्याकडे पुरावा नाही.

मी आलो तो हेच काम पुढे न्यायला. ते दुसरं नियंत्रण नेमकं काय, हे मी शोधायचं होतं. दोन वर्षं झाली, काही हाती लागेना. दरम्यान मॅडमची प्रोफेसरपदाची मुलाखत जवळ आली होती, आणि ती याच निबंधाच्या बळावर होती.

त्या आठवड्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न अहमदपूरला होतं. प्रयोगासाठी आम्ही जीवाणूंचा एक असा प्रकार वापरायचो ज्याला स्वतःला थ्रिओनिन बनवता येत नाही. बाहेरून मिळालं तरच तो वाढतो. त्याला थ्रिओनिन नसलेल्या द्रवात टाकायचं, तासाभरानं एन्झाइम मोजायचं, फ्लास्क रिकामा करायचा. मी घाईत मोजलं आणि फ्लास्क शेकरवर तसाच फिरत ठेवून एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. लॅब अटेंडंट शेख चाचा शेकरजवळ उभे होते. म्हणाले, "बाबू, तुमी शादीला गेले, हितं दही लागलं की."

फ्लास्क ताकासारखा गढूळ झाला होता.

ज्याला खायला काही नाही तो जीवाणू वाढतो कसा? मला पाच मिनिटांत कळलं. उपाशी ठेवलेल्या जीवाणूंना कुणीतरी जेवू घालत होतं. थ्रिओनिन नसलेल्या मिश्रणाची जी जुनी बरणी आम्ही वापरत होतो, तिच्यात थ्रिओनिन होतं. म्हणजे ते कधी उपाशी नव्हतेच. म्हणजे एन्झाइम वाढण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे दुसरं नियंत्रण वगैरे काही नव्हतं.

मी फ्लास्क धुऊन टाकला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा गढूळ. तोही धुऊन टाकला. मी आठ दिवस कुणाला काही बोललो नाही. स्वतःला सांगत राहिलो की मॅडमची मुलाखत होऊ दे, मग सांगू. खरं कारण माझा प्रबंध होता. दोन वर्षं पाण्यात जातील ही भीती होती. दुसऱ्याच्या भल्याचं नाव पुढे करून आपली भीती झाकायला मी तेव्हाच शिकलो, आणि ते शिक्षण पुढे लातुरात फार उपयोगी पडलं.

शेवटी चाचांनीच, काही मनात न ठेवता, मॅडमसमोर विचारलं, "बाबू, परत दही केलं काय तुमी?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "कशाचं दही?"

मी सांगितलं.

"किती दिवस झाले?"

"आठ."

"आठ दिवस तू माझ्यासमोर बसून चहा पिऊन राहिलास."

एवढंच. आवाज चढला नाही. मी म्हणालो, "मॅडम, मला वाटलं तुमची मुलाखत..."

"माझी मुलाखत आहे हे जीवाणूंना माहीत नव्हतं. म्हणून ते खरं बोलले."

त्यांनी बरणी काढली. झाकणावरच्या पांढऱ्या चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'थ्रिओनिनविना'. त्यांनी नवी रसायनं स्वतः तोलून नवं मिश्रण केलं. एका फ्लास्कात नवं, एकात जुनं. दुसऱ्या दिवशी नवा फ्लास्क पाण्यासारखा नितळ होता. जुना गढूळ. मग त्यांनी त्या काळातल्या नोंदवह्या काढल्या आणि दिवसभर बसून पानापानावर बोट ठेवून पाहिलं. साध्या तापमानाचे सगळे प्रयोग आधीच्या बरणीतून झाले होते. जास्त तापमानाचे सगळे या बरणीतून, म्हणून फरक तापमानाचा वाटला होता. एका दुपारी त्यांनी दोन मिश्रणं केली होती, थ्रिओनिन घालून एक आणि न घालता एक. चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या होत्या.

"हे अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या. "बाटलीवर मीच लिहिलंय."

मी घाबरत म्हणालो, "मॅडम, नवं मिश्रण वापरून पुढं जाऊ या. जुन्याबद्दल बोलायची काय गरज आहे?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती नजर मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. रागाची नव्हती. एखादी वस्तू आपण समजत होतो त्यापेक्षा स्वस्त निघाल्यावर माणूस जसा बघतो तशी होती.

टेकाळे सर मात्र खरोखर घाबरले. केबिनचं दार लावून घेतलं. मी बरणी आणि वही घेऊन मागे उभा होतो.

"मॅडम, कशाला हे उकरून काढता? इतकी वर्षं झाली. कोण बघून राहिलंय?"

"मी बघून राहिले."

"अहो, माझंही नाव आहे त्याच्यावर."

"तुमचं नाव काढून देते. तुम्ही काही केलंच नव्हतं असं लिहिते. ते खरंच आहे."

सरांचा चेहरा पडला. मग त्यांनी ठेवणीतलं काढलं. आवाज मऊ केला. "हे बघा, तुमच्या भल्याचं सांगतो. लोक आधीच काय काय बोलतात. राखीव जागा, अमुक, तमुक. आता तुम्ही स्वतःच्या हातानं त्यांना पुरावा देऊन राहिलात."

मॅडमनी माझ्या हातातली बरणी घेतली आणि तिच्यावरची चिठ्ठी पाहिली. मला वाटलं, आता त्या मागे हटतील. हटल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं.

"ते आधीपासून बोलतातच, सर," त्या म्हणाल्या. "मी गप्प बसले तर उद्यापासून मीही तेच बोलायला लागेन. स्वतःला. ते मला सोसणार नाही."

त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहिलं. चूक कशी झाली, कुणाची, कधी, सगळं चार ओळींत. 'नजरचुकीने', 'दुर्दैवाने', असले शब्द मी मसुद्यात घातले होते, ते त्यांनी खोडले. निबंध मागे घेतला गेला. व्हरांड्यातली फ्रेम टेकाळे सरांनी त्याच दिवशी उतरवली. ज्या माणसाला कपाटाची किल्ली सापडायला आठवडा लागायचा त्यानं खिळा उपटायला तासही घेतला नाही.

मुलाखतीत एका सदस्यानं हसत विचारलं म्हणे, "मॅडम, तुमचा एकच मोठा निबंध, तोही तुम्हीच बुडवला?" मॅडम म्हणाल्या, "हाव. दुसऱ्या कुणाला ती चूक सापडली नाही." पद मिळालं नाही. ते मिळालं संस्थाचालकांच्या साडूंना. त्यांच्या निबंधांत चुका सापडायचा धोका नव्हता, कारण ते कुणी वाचत नसे.

या सगळ्यात मॅडम कोसळल्या वगैरे नाहीत. फक्त एक दुपार मला आठवते. त्या बेसिनपाशी उभ्या राहून लॅबमधली काचेची सगळी भांडी धुत होत्या, आधीच स्वच्छ असलेलीसुद्धा. चाचा दोनदा म्हणाले, "मैं करतुं मॅडम, छोडो." त्या सोडेनात. मग फोन वाजला. हदगावहून भाऊ. त्यांचा जुना फोन, आवाज बाहेर येणारा, आणि हात ओले म्हणून त्यांनी तो ओट्यावरच ठेवून घेतला.

हा भाऊ गावभर सांगत फिरला होता की आपल्या रानातल्या मातीचं नाव परदेशात छापून आलंय. मॅडम म्हणाल्या, "दादा, ते चुकलं. ते मागं घेतलंय."

पलीकडून वाऱ्याचा आवाज. मग, "मातीत काही खोट हाय का गं?"

"न्हाई दादा. माती चांगली हाय. मी चुकले."

"बरं," भाऊ म्हणाला. "मग सोयाबीन पेरू ना?"

"पेर."

फोन बंद झाल्यावर मॅडम बेसिनकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नळ चालू होता. मी बाहेर निघून गेलो. सभ्यता म्हणून गेलो असं मी सांगत असतो. तिथं थांबण्याची लायकी नव्हती म्हणून गेलो.

माझा प्रबंध पुढे पूर्ण झाला. हदगावच्या मातीतला हा जीवाणू वाढत्या तापमानातही इतर जीवाणूंसारखाच वागतो, हा त्याचा निष्कर्ष. एवढं सिद्ध करायला मला तीन वर्षं लागली आणि ते कुणाला नको होतं. मॅडमना मात्र हवं होतं. प्रत्येक आकडा त्यांनी माझ्यासोबत बसून पुन्हा मोजला. माझ्या तोंडी परीक्षेला त्या मागे बसल्या होत्या आणि परीक्षकांनी पदवी जाहीर केल्यावर म्हणाल्या, "आता खोटं बोलायचं असेल तर नावामागे डॉक्टर लावून बोलता येईल."

त्यांच्या निरोप समारंभाला मी होतो. टेकाळे सरांनी भाषण केलं. म्हणाले, मॅडम आमच्या विभागाच्या एन्झाइम होत्या, स्वतः न बदलता त्यांनी इतरांना बदलवलं. टाळ्या पडल्या. शाल गळ्यात घेऊन मॅडम माइकसमोर आल्या. "एन्झाइम काम करताना बदलतं. त्याचा आकार बदलतो. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. सरांच्या निवृत्तीला अजून वेळ आहे, त्यांनी वाचून घ्यावं." आणि खाली बसल्या. सत्काराचा नारळ त्यांनी चाचांना दिला.

मी लातूरला जातोय हे सांगायला गेलो तेव्हा त्यांनी अडवलं नाही. एका मोठ्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची नोकरी होती. पगार कॉलेजच्या कितीतरी पट. त्या म्हणाल्या, "जा. तिथं प्रश्न नसतात. चार उत्तरं असतात, आणि त्यातली तीन खोटी आहेत हे आधीच ठरलेलं असतं. तुला जमेल."

जमलं. आज लातूरच्या चौकाचौकात माझा हाताची घडी घातलेला फोटो लागलेला आहे. मुलं मला स्पीडसाठी ओळखतात. अख्खं प्रकरण मी चाळीस मिनिटांत संपवतो.

गेल्या जूनमध्ये मी त्यांना शेवटचं पाहिलं. नव्या बॅचचा पहिला तास, हॉलमध्ये तीनशे मुलं, मागच्या दोन रांगांत पालक. मी टीआरएनएवर आलो. एन्झाइम, अमिनो आम्ल, जोडणी, झालं. पुस्तकात त्याखाली नियंत्रणाबद्दल एक छोटा परिच्छेद होता. मी नेहमीसारखा म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही. खोडून टाका." तीनशे पेनांचा एकदम आवाज झाला. मी वर पाहिलं आणि शेवटच्या रांगेत मॅडम दिसल्या. केस पूर्ण पांढरे झालेले. शेजारी भावाची नात, दोन वेण्या घातलेली. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या नातीच्या पुस्तकावर बघत होत्या, जिथं ती पोर पट्टी धरून नीट, सरळ रेष मारत होती.

तासानंतर मी धावत खाली गेलो. वाकून नमस्कार केला. "मॅडम, कळवायचं ना! मी घ्यायला आलो असतो."

"हिला इथंच यायचं होतं," त्या म्हणाल्या. "बरं शिकवतोस. कुठं अडत नाहीस."

त्यात काही टोमणा आहे का, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो. नव्हता. त्यांनी मला माझ्या कामाची ठीकठाक पावती दिली होती, आणि टोमण्यापेक्षा ती मला जास्त लागली.

नातीला होस्टेलकडे पाठवून त्या ऑटोत बसल्या. ऑटो जागचा हलेना. पाच-सहा क्लास एकाच वेळी सुटले होते आणि सगळा रस्ता सारख्या दप्तरांनी भरला होता. एक मुलगी, माझ्याच बॅचची, ऑटोला टेकून उभी राहून पुस्तक उघडून बघत होती. मॅडमनी बाहेर डोकावून तिला त्या खोडलेल्या परिच्छेदाबद्दल काही विचारलं. मी दहा पावलांवर होतो, ऐकू आलं.

"आज्जी, ते परीक्षेला येत न्हाई," मुलगी म्हणाली. "सरांनी खोडायला लावलंय."

"ते राहू दे. तुला काय वाटतं? एन्झाइम पुरे झालं हे पेशीला कोण सांगत असेल?"

मुलीनं पुस्तकातून मान वर केली. मग म्हणाली, "कोण?"

मॅडमनी डाव्या हाताची मूठ वळली, उजव्या हाताचं एक बोट त्या मुठीवर टेकवलं आणि सांगायला सुरुवात केली. पुढची गर्दी फुटली, ऑटो हळूहळू निघाला. मुलगीही निघाली. एक हात ऑटोच्या दांडीवर ठेवून, मान आत घालून, ती त्याच्या बरोबरीनं चालत होती. मागून तिच्या मैत्रिणी हाका मारत होत्या. चौकापर्यंत मला ती दिसली, तोवर तरी ती वळली नव्हती.